एकवीस दिवसांचं लोणी

मामा आधी हात मागायचे.

"हात पालथा करा, ताई."

मी हात पालथा धरायची. मग मामा पाण्यात तरंगणाऱ्या गोळ्यातून पळसाच्या देठानं नखाएवढं लोणी उचलायचे आणि वरूनच, बोट लागू न देता, माझ्या हाताच्या पाठीवर सोडायचे. उंबऱ्यात सासूबाई बसलेल्या असायच्या, त्यामुळं देठ चांगला लांब असायचा. लोणी ठेवलं की मामा आभाळाकडं बघत उभे राहायचे. मी चाखायला गेले की म्हणायचे, "जिभेला इचारू नका. जीब लबाड आसती. कातडीला इचारा."

तुम्हीही असा एखादा विकणारा पाहिला असेल, जो माल द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेतो. मला तर पहिल्या दिवशी रागच आला. नवी नवरी होते, त्यात जालन्याची. जालन्याची माणसं लोणी ओळखत नाहीत की काय! पण उभी राहिले, आणि हळूहळू शिकलेही. गाईचं लोणी पिवळसर, ते हाताच्या उबेनं लगेच ढिलं पडतं. म्हशीचं पांढरं आणि घट्ट. त्यातही सरकी खाणाऱ्या म्हशीचं असेल तर मेणासारखं बसून राहतं, दहापर्यंत आकडे मोजा, हलत नाही. शेळीचं पांढरंच, पण लवकर पाघळतं आणि मागं वास ठेवून जातं. आणि ज्यात कुणी वनस्पती तूप मिसळलं असेल ते आधी चकाकतं. मामांकडं ते नसायचंच, पण बाजारात आमच्यासारखीनं फसू नये म्हणून तेही त्यांनी शिकवून ठेवलं होतं.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील तेव्हा. शहर औरंगाबादच होतं. नवं नाव माझ्या तोंडात अजून नीट बसत नाही, नातू हसतो. औरंगपुऱ्याच्या मागं एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मामा खाम नदीच्या पलीकडं एका छपरात राहायचे. दोन म्हशी, एक गाय, तीन-चार शेळ्या. मूळचे वैजापूरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. वय फार नव्हतं, चाळिशीच्या अलीकडंच असावेत, पण सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची आणि तेही सत्तरीच्या म्हाताऱ्यासारखे 'व्हय बाळा' करत चालायचे.

त्यांची थट्टा व्हायची ती एका गोष्टीवरून. ताक ते स्वतः घुसळायचे. त्या काळात रवीची दोरी पुरुषाच्या हातात म्हणजे हसूनच मरायचं! समोरच्या घरातली एक ठसकेबाज बाई एकदा म्हणालीच, "मामा, बांगड्या कधी भरताय?"

"भरल्या आसत्या बाई," मामा म्हणाले, "पर रवीला लागून फुटत्यात."

बायको का करत नाही, असं मात्र कुणी विचारत नव्हतं. एकटा माणूस आहे, एवढं सगळ्यांना दिसत होतं. बायको 'रझाकारीत गेली' असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. त्या दिवसांबद्दल आमच्याकडं सगळे असंच दोन शब्दांत बोलायचे. गेली म्हणजे काय, हे विचारायचं नसतं हे मला जालन्यातच शिकवलेलं होतं.

मामांचा खरा जाच वेगळाच होता. दर चार-पाच दिवसांनी ते यायचे आणि तराजू खाली ठेवायच्या आधी चौकशी सुरू. "मागलं किती दिस राह्यलं? कशात ठिवलं व्हतं? पानी बदललं का? कितींदा?" बाई गं! चोरी पकडायला आलेला जमादारसुद्धा इतकं विचारत नसेल. गल्लीतल्या प्रत्येक घराचा हिशोब त्यांना पाठ होता. अमक्या घरी माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवतात, तिथं सहा दिवस. तमक्या घरी ताकात बुडवून, तिथं चार. वाण्याच्या घरी रोज दोनदा पाणी बदलतात, तिथं नऊ.

"धुतलं का नीट?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "ताकाचा थेंब राह्यला की संपलं. ताक म्हंजी लोण्याचा सख्खा भाऊ, आन् तोच वैरी."

एकदा मी कंटाळून म्हटलं, "मामा, विकलं ना तुम्ही? पैसे मिळाले ना? आता ते टिको, नाही तर नासो, तुमचं काय गेलं?"

मामा पळसाचं पान उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "सांगा की ताई. किती दिस राह्यलं?"

खरं म्हणजे त्या वेळचं लोणी आम्ही दुसऱ्याच दिवशी कढवून तूप केलं होतं. पण मामांसमोर कढवायचं नाव काढायचं नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एवढं देखणं लोणी आणि लोक ते विस्तवावर ठेवतात याचं त्यांना वाईट वाटत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मी आपलं ठोकून दिलं, "आठ दिवस."

"आठ!" मामांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली.

गल्लीच्या तोंडाशी बर्फाचं दुकान होतं. बर्फवाले चाचा म्हणजे गोणपाटात गुंडाळलेल्या लादीशेजारी दिवसभर बसणारा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. त्यांची आणि मामांची जोडी होती. उन्हाळ्यात मामा निघाले की चाचा बर्फाचा एक मोठा तुकडा त्यांच्या गाडग्याभोवती भुशात दाबून द्यायचे. "लेव मामा, पिघलने के पहले घर पोंचो." पैसे घेताना मी कधी पाहिलं नाही. चाचांचा धाकटा भाऊ पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या गडबडीत घरातून बाहेर पडला होता, तो परत आला नव्हता. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दोघं शेजारी बसलेले असायचे आणि एक शब्द बोलत नसायचे. दोन पुरुष इतका वेळ गप्प बसलेले मी तरी दुसरीकडं पाहिले नाहीत.

एकदा मी मामांना विचारलं, "बर्फात किती दिवस राहतं हो?"

"राहातं लई दिस. पर बरफाचं धरायचं नाय."

"का?"

"तिच्याकडं बरफ कुठला?" मामा बोलून गेले, आणि लगेच तराजू उचलून चालायला लागले. मी दारात उभी. तिच्याकडं म्हणजे कुणाकडं? पण स्वयंपाक पडला होता, आत गेले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचे हे मुंबईहून एक नवल घेऊन आले. कागदात गुंडाळलेला पिवळाधमक लोण्याचा चौकोनी तुकडा, कारखान्यातला. मामा आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मामा, आज तुम्ही हात पालथा करा!"

त्यांनी केला. मी देठाऐवजी चमच्यानं त्यांच्या हातावर थोडं ठेवलं. मामा वाकून बघत बसले. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर लोणी जिभेला लावलं.

"खारट हाय."

"मीठ घालतात. त्यामुळं टिकतं."

"किती?"

"हे म्हणत होते, महिनाभर सहज. जास्तही."

मामा खाली बसले. अक्षरशः बसले, आमच्या पायरीवर, ऊन लागत होतं तरी. "मिठानं?" त्यांनी विचारलं. "नुस्त्या मिठानं? किती लागतं वो ताई? चिमूटभर पुरंल? पदराला बांधलेलं आसतंय तेवढं?"

मी पाणी आणून दिलं. आणि त्या दिवशी मामांनी सांगितलं. सलग नाही. मध्येच थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा मागून सुरू करायचे. मी इथं सरळ लावून सांगते.

श्रावण होता, फौज यायच्या आधीचा. गावागावांत लुटालुटीच्या बातम्या होत्या. पुनव होऊन चार दिवस झाले होते. मामांच्या वस्तीवर सकाळीच निरोप आला की हत्यारबंद टोळी इकडं येतेय, निघा. सगळी वस्ती येवल्याच्या दिशेनं निघाली, हद्दीपलीकडं, जिथं निजामाचं राज्य नव्हतं. मामा, त्यांची आई, भाऊ, भावाची पोरं, मेंढरं. आणि मामांची बायको, लग्नाला तीन वर्षं झालेली. ओढ्यापर्यंत आले तेव्हा मामांच्या लक्षात आलं, लोण्याचं गाडगं शिंक्यातच राहिलंय. अष्टमीसाठी साठवलेलं, चांगलं शेरभर.

"म्या वरडलो तिच्यावर," मामा म्हणाले. "म्हनलं, एवढ्या दिसांचं लोणी इसरलीस? तुजं ध्यान कुठं आसतं? सगळ्यांम्होरं वरडलो. आईनं सुदीक म्हनलं, जाऊ दे रं. पर म्या वरडलो. ती म्हनली, आत्ता आले बगा. आन् गेली."

दिवस माथ्यावर येईपर्यंत मामा ओढ्याशी थांबले. मग वस्तीकडून आरडाओरडा ऐकू आला. मामा धावले तर भावानं कंबरेला मिठी मारली, तो काही सुटू देईना. तसंच ओढत हद्दीपार नेलं. एकविसाव्या दिवशी फौज आली. मामा फौजेच्या मागोमाग वस्तीवर पोचले. दार मोडलेलं, दाणे सांडलेले. घरात कुणी नाही. आसपास काही नाही, ना चोळीचा तुकडा, ना काकण.

"पर शिंकं रिकामं व्हतं, ताई. गाडगं नव्हतं. म्हंजी ती पोचली. गाडगं घेतलं, आन् निघाली. बाजरी पुरुषभर उंच व्हती. शिरली आसंल बाजरीत. लपली आसंल. जवळ शेरभर लोणी. लिंबाएवढं रोज खाल्लं तरी एकवीस दिस पुरतंय. म्या मोजलंय. पर राहात नाय ना लोणी एकवीस दिस! पान्यात ठिवलं, ओढ्याचं पानी रोज बदललं, तरी नऊ. लई तर धा. म्होरचे अकरा दिस ती काय खाईल?"

आता तुम्हाला कळलं ना, बायांनो? मला तेव्हा कळलं. हा माणूस दहा-अकरा वर्षं आमच्या दारोदार फिरून काय गोळा करत होता ते. आणि मी त्याला आठ दिवसांची थाप मारली होती. ती थाप कुठंतरी त्याच्या हिशोबात जाऊन बसली होती. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, पाण्यात, ताकात, ओल्या फडक्यात. प्रत्येक घराचे दिवस त्या बाजरीत बसलेल्या बाईच्या पानात वाढले जात होते. एक दिवस जास्त टिकलं की ती एक दिवस जास्त जगत होती.

दर श्रावणात मामा तीन आठवडे गायब व्हायचे. आम्ही समजायचो कुठल्या देवाला जात असतील. ते वैजापूरकडं जायचे, बाजरीच्या शेतात गाडगं ठेवायचे आणि मोजत बसायचे.

त्या साली श्रावण लागला तेव्हा ते जाताना माझ्याकडं आले. "ताई, मीठ द्या. तुमच्या हातचं. चिमूटभर, बाई पदराला बांधती तेवढंच. जादा नको." मी दिलं.

त्यातच त्यांच्या पुतण्याची आणि माझी गाठ पडली. भावाचा मोठा मुलगा, वैजापूरच्या मार्केट यार्डात हमालांचा मुकादम होता. चांगला, समजूतदार माणूस. म्हणाला, "ताई, बारा वर्सं भरली आता. काकूचं क्रियाकर्म झालं नाय. पैठणला गुरुजींशी बोलून आलोय. देह मिळाला नसला की पळसाची बाई करत्यात, तिला अग्नी देत्यात. काका ऐकत नाय. म्हनतो, ज्या पानावर लोणी इकतो त्याच झाडाची तिला करू व्हय? तुमचं ऐकतो तो. तुमी सांगा."

मी म्हटलं, बघते. माझा आपला स्वभाव, कुणी काही सांगितलं की 'बघते' म्हणून मोकळी.

तीन आठवड्यांनी मामा आले. गाडगं छातीशी धरलेलं. अंगणात बसले, वरचं फडकं सोडलं.

"एकविसावा दिस हाय आज. चाखा."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. लोणी वरून पिवळं पडलं होतं, वास उग्र झाला होता. पण नासलं नव्हतं. मी बोटावर घेतलं आणि खाल्लं. आंबट, खारट, घशाला धरणारं.

"खाता येतंय ना?"

"येतंय, मामा."

"भुकेल्या मानसाला?"

"भुकेल्या माणसाला तर गोड लागेल."

मामा रडले नाहीत. हसले. आमच्या अंगणात उकिडवे बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, लहान मुलासारखे हसले. "मंग व्हती ती. फौज येईस्तोवर व्हती!" मीही हसले. सासूबाई आतून बघत होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. कुठं ती बाजरी, कुठं ती बाई, पण त्या दिवशी आमच्या अंगणात ती जिवंत होती. मला असं वाटलं की आता हाक मारली तर येईल.

मग मामांचं हसणं हळूहळू थांबलं. "पर मीठ घेतलं आसंल का तिनं?" ते म्हणाले. "गडबडीत... मिठाचं ध्यानात आलं आसंल का? तिला कुटं ठाव व्हतं मिठानं राहातं म्हून. मलाच ठाव नव्हतं."

काय करावं माणसानं अशा वेळी? गप्प बसावं. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि माझ्या मनात तर त्यांचं भलंच होतं. हातातोंडाशी आलेला आनंद जाऊ नये म्हणून मी घाईनं म्हटलं, "मीठ नसलं म्हणून काय झालं, मामा? बाईमाणूस लोणी नासू देतं होय? पहिल्याच दिवशी कढवलं असेल. तूप काय, वर्षभर राहतं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मामांनी गाडग्यावर फडकं टाकलं. बराच वेळ त्या फडक्याची गाठ त्यांना बसेना.

"आन् वास?" ते म्हणाले.

"कसला वास?"

"श्रावणात पाऊस उघडला, वारं पडलं, की कढत्या तुपाचा वास कुठवर जातोय ठाव हाय का ताई? चार शेतं जातोय. लपलेल्या मानसानं तूप कढवलं तर..." ते उठले आणि गेले. गाडगं तिथंच राहिलं.

मी उभीच राहिले. मला वाटत होतं मी त्यांना वर्षभराची शिदोरी दिली. आणि मग लक्षात आलं, कढवायचं नाव मामांसमोर का काढायचं नाही ते. त्यांना हे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बारा वर्षं ते त्या एका गोष्टीला वळसा घालून चालत होते, आणि मी, शहाणी, त्यांना हाताला धरून तिथंच नेऊन उभं केलं.

चार दिवस मला अन्न गेलं नाही. चौथ्या दिवशी चूल पेटवताना ओल्या गोवऱ्यांचा नुसता धूर झाला, डोळे चोळता चोळता एकदम सुचलं, अरे, श्रावणात रानात विस्तव पेटणार कसा? ओलं सरपण, काडेपेटी कुठली, बाजरीत चिखल! कढवलंच नसेल तिनं, कढवताच आलं नसतं! पदर खोचला आणि तशीच निघाले. सासूबाई हाका मारत होत्या. गल्लीच्या तोंडाशी चाचांनी अडवलं.

"मामा नईं हैं, बेटी. पैठन गए, भतीजे के संगात. आज सुब्बू." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "क्या बोले तुम उनकू?"

मी मान खाली घातली. चाचा बर्फावरचं गोणपाट सारखं करत राहिले. "मैं अपने भाई का फातेहा आज तक नईं दिलाया," ते म्हणाले. "घरवाले लाख बोले. दिलाया तो मर गया ना वो."

आठ दिवसांनी मामा आले. डोक्यावर टोपी होती, पण कानामागं कातडी पांढरी दिसत होती, सगळे केस उतरवलेले. पुतण्या बरोबर होता. त्यानं आल्या आल्या हात जोडून माझे आभार मानले. "ताई, तुमी समजावलं, लई उपकार झाले. निघालं सगळं नीट." असे आभार शत्रूलासुद्धा मिळू नयेत.

मी मामांना पाणी दिलं आणि धडाधड सांगून टाकलं. ओली लाकडं. चिखल. काडेपेटी. "मामा, पेटलंच नसतं हो तिला! मी मूर्खासारखं बोलले."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजींनी तिथी इचारली, ताई. कवा गेली म्हून. म्या सांगितलं, निगालो त्याच दिशी."

"का पण? रानात विस्तव..."

"घरात व्हता ना. आमी सकाळचे निगालो. चूल तशीच टाकून. निखारे व्हते. शेरभर लोणी गाडग्यात घिऊन कोन पळंल, डचमळतंय, उन्हात पातळ व्हतंय. तुमी म्हनलात तेच खरं. बाईमाणूस हाय, आधी कढवंल, मंग निगंल." ते पायरीकडं बघत बोलत होते. "फौजेमागं गेलो तवा म्या शिंकं पाह्यलं, ताई. चुलीकडं पाह्यलंच नाय. शिंकं रिकामं दिसलं आन् भाईर आलो. बारा वर्सं झाली, चुलीकडं पाह्यलं नाय."

पुतण्याला यातलं काही कळत नव्हतं. तो एसटीची वेळ झाली म्हणाला.

मामांनी जनावरं विकली आणि गावी गेले. लोण्याला दुसरी एक बाई यायला लागली. तिचं लोणी चांगलं होतं. ती काही विचारायची नाही. सासूबाई पहिले काही महिने उगाचच तिला सांगायच्या, "मागचं सात दिवस राहिलं हो." ती बिचारी 'बरं बरं' म्हणायची. चाचा उन्हाळ्यात मला बघून मान हलवायचे, एवढंच. आमच्या घरी तूप कढायचं तेव्हा मी दार-खिडक्या लावून घ्यायची. उकाड्यानं जीव जायचा. ह्यांनी एकदा विचारलं, मी म्हटलं, धूळ येते.

मामा गेल्याचं कळलं ते पाच-सहा वर्षांनी. पुतण्याच सांगायला आला. कामाला शहरात आला होता, वाट वाकडी करून आमच्या गल्लीत शिरला. काकांनी जुन्या वस्तीवर पडक्या घराची माती उपसली, म्हणाला, एकट्यानं, फावड्यानं, दोन महिने. लोक हसायचे. घरात शिरले, तिथंच राहिले, तिथंच गेले. शेवटी शेवटी दूधही घेत नव्हते.

"तुमच्यासाठी निरोप हाय, ताई. सारखं म्हनायचे, ताईला सांग. इसरू नगं."

"काय?"

"म्हनले, चूल सापडली. चुलीवर काय नव्हतं. राख व्हती, भांडं नव्हतं. तिनं कढवलं नव्हतं. ताईला सांग, जिवाला लावून घिऊ नगं."

बारा पावसाळे त्या पडक्या भिंतीखाली काढलेली चूल. तिच्यावर काय होतं आणि काय नव्हतं, हे त्या मातीतून माणसाला दिसेल? आणि भांडं असतं, तर ते तिथं कुणी राहू दिलं असतं? पण चूल सापडली असेल. तीन दगड तर सापडलेच असतील. मला खरं काय ते हवं होतं, आणि नकोही होतं.

"तू पाहिलीस का रे चूल?" मी विचारलं.

"नाय, ताई," तो म्हणाला. "मी गेलो तवा काकांनी तिथं शेणानं सारवून घेतलं व्हतं."